पडद्याचा पन्हा

लॅपटॉपच्या जाहिरातीतला माणूस नेहमी एकटा असतो. कधी डोंगरावर तंबूबाहेर, कधी विमानतळावर, कधी कॉफीच्या दुकानात काचेला लागून. त्याच्या खांद्यावरून कोणी डोकावत नाही, "जरा इकडे वळव की" म्हणत नाही, शेजारी कोणी लसूण सोलत बसलेलं नसतं. 2008 च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्झनी भर सभेत कागदी पाकिटातून लॅपटॉप काढून दाखवला आणि तेव्हापासून या एकट्या माणसासाठी सगळं जग लॅपटॉप पातळ करण्याच्या मागे लागलं आहे. पातळ, हलका, चौदा इंची, अठरा तास बॅटरी. अठरा तास घराबाहेर राहून हा गृहस्थ करतो तरी काय, ते मात्र कोणत्याही जाहिरातीत सांगत नाहीत.

आम्ही मालेगावात कॅम्प भागात राहतो. घरात सहा माणसं आणि त्यांतलं कोणीही डोंगरावर जाऊन काम करत नाही. आम्हाला लॅपटॉप हवा होता तो घरासाठी. तो हॉलमधून स्वयंपाकघरात जाणार आणि स्वयंपाकघरातून परत हॉलमध्ये येणार, एवढीच त्याची यात्रा. तेव्हा वजन सव्वा किलो की सव्वादोन किलो, याने आम्हाला काडीचा फरक पडत नव्हता. ज्या गोष्टीचे कंपन्या सगळ्यांत जास्त पैसे लावतात, ती गोष्टच आम्हाला नको होती. हे लक्षात आल्यावर मला आपण फार हुशार गिऱ्हाईक आहोत असं वाटू लागलं. पडदा मोठा हवा आणि पैसे बेताचे, एवढ्या दोन अटी घेऊन मी निघालो.

पण घरातल्या प्रत्येकाने 'मोठा' या अटीत आपापली सोय दडवून ठेवली होती. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. हल्ली मास्तरकीचा मोठा भाग संगणकावर चालतो: यू-डायसची माहिती, शालार्थ, आणि वरून कोणत्या क्षणी कोणता तक्ता भरायला येईल ते सांगता येत नाही. हे तक्ते तिने आजवर मोबाईलवर भरले. विद्यार्थ्याचं नाव पाहायचं तर पडदा डावीकडे ओढायचा, जन्मतारीख पाहायची तर उजवीकडे. मधल्या प्रवासात नाव विसरतं. तिला अख्खी ओळ एका नजरेत हवी होती. मुलगी बी.कॉम.ला आहे, टॅली शिकते. तिला उजव्या बाजूला आकड्यांच्या वेगळ्या बटणांचा कट्टा असलेलाच लॅपटॉप पाहिजे होता. मुलगा नववीत, त्याला 'अभ्यासासाठी' हवा होता. अभ्यासाला रिफ्रेश रेट किती लागतो हेही त्याने सांगितलं. आईला पुण्याचा नातू पाहायचा होता, कारण मोबाईलवर तिला एका वेळी त्याचं एकतर नाक दिसे नाहीतर कपाळ. वडिलांना, म्हणजे अण्णांना, सकाळी ई-पेपर आणि अधूनमधून गावाकडच्या जमिनीचा सातबारा. या जमिनीवर वर्षानुवर्षं कोणी हक्क सांगायला आलेलं नाही, पण अण्णा उतारा काढून पाहतात.

मला स्वतःला काय हवं होतं हे कोणी विचारलं नाही. पैसे देणाऱ्याला ते विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

कॅम्प रोडवरच्या दुकानात अण्णांना बरोबर नेलं. खरं तर तेच आले. दुकानातल्या पोराने "काका, बजेट?" असं विचारलं. मी 35 ते 45 हजार म्हणालो. त्याने एक लॅपटॉप पुढे केला. "15.6 इंची आहे. फुल साईज."

"पन्हा किती?" अण्णा म्हणाले.

पोरगा माझ्याकडे पाहू लागला. अण्णांची उभी हयात ग्रे कापडाच्या एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी म्हणून गेली. 1857 नंतरच्या काळात उत्तरेकडून मोमीन विणकर इथे येऊन वसले, हातमागाचे यंत्रमाग झाले, आणि आज मालेगावात लाखावर माग खडखडतात. त्यांच्यावरून उतरलेलं कोरं कापड पार राजस्थानात पाली-बालोत्र्यापर्यंत रंगायला जातं. या गावात कापडाच्या बाबतीत पहिला प्रश्न पन्ह्याचा. किती मीटर ते नंतर, आधी रुंदी बोला.

"आजोबा, साडेपंधरा इंच," पोरगा म्हणाला.

अण्णांनी खिशातून टेप काढली. पूर्वी धंद्याची म्हणून असायची, आता सवयीची म्हणून असते. पडद्याच्या वरच्या कडेला लावली. साडेतेरा इंच आणि वर एक दोरा. उभी लावली, साडेसातच्या थोडी वर. अण्णांनी चष्म्यावरून त्या पोराकडे असं पाहिलं, जणू थानामागे दोन मीटर कमी भरलेत.

बिचाऱ्याने मग टेप तिरकी धरून डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्या कोपऱ्यापर्यंत नेली. बरोबर 15.6. जगभर पडदा असाच मोजतात, कर्णाने. पूर्वी टीव्हीची चित्रनळी गोल असायची आणि तिचा व्यास हेच तिचं माप. पुढे पडदा चौकोनी झाला, माप मात्र तिरकं ते तिरकंच राहिलं. आपल्याकडे कायद्याने माप मेट्रिकमध्ये सांगावं लागतं, म्हणून खोक्यावर 39.6 सेंटीमीटर असंही छापतात. त्याने गिऱ्हाइकाला काही कळत नाही, पण आकडा भारदस्त दिसतो.

"कर्णाने साडी विकली तर चालेल का?" अण्णांनी विचारलं. पोरगा म्हणाला, "आजोबा, कंपनीचंच असं असतं." या एका वाक्यावर आपली सगळी बाजारपेठ उभी आहे.

घरी येऊन मी वहीवर गणित मांडलं, कारण अण्णांचा मुद्दा मला टोचत होता. नववीच्या पोरालाही पायथागोरस येतो, गवंड्यालाही येतो. तो दोरीवर तीन-चार-पाच मोजून भिंतीचा काटकोन काढतो. त्याच हिशोबाने पूर्वीच्या जवळजवळ चौकोनी, पंधरा इंची सपाट मॉनिटरचा पडदा बारा बाय नऊ इंच, म्हणजे 108 चौरस इंच. आजचा लांबट 15.6 इंची पडदा 104 चौरस इंच. आकडा वाढला आणि पडदा घटला! कर्ण तेवढाच ठेवून चौकोन जितका लांबट करावा तितकं क्षेत्रफळ कमी होतं, आणि खोक्यावर छापतात तो कर्ण. अण्णांना हे सांगितल्यावर त्यांना राग आला नाही, समाधान वाटलं. धंदा कोणताही असो, मापात मारायची जागा कुठेतरी असतेच, या त्यांच्या श्रद्धेला बळ मिळालं.

मग 17.3 इंची पाहू लागलो. 15.6 पेक्षा तो दिसायला थोडाच मोठा वाटतो, क्षेत्रफळात मात्र 23 टक्के मोठा भरतो. पण आपल्या बाजारात स्वस्तातला 17.3 शोधणं अवघड काम. एकतर तो गेम खेळणाऱ्यांचा असतो, त्याच्या कीबोर्डमधून लाल-हिरवे दिवे येतात आणि किमतीतून डोळ्यांपुढे काजवे. नाहीतर कुठे ऑर्डर देऊन मागवावा लागतो आणि तेव्हा नीट पाहिलं तर पडदा 1600 बाय 900 ठिपक्यांचा निघतो.

इथे पुन्हा अण्णा कामाला आले. ठिपके म्हणजे काय हे मी त्यांना समजावायला बसलो आणि दुसऱ्या वाक्याला त्यांनी मला थांबवलं. "रीड-पीक म्हण ना सरळ." कापडात एका इंचात उभे धागे किती ती रीड, आडवे किती ते पीक. पन्हा वाढवला आणि धागे तेवढेच ठेवले तर कापड मोठं होतं, पण झिरझिरीत. स्वस्त 17.3 इंचीचं नेमकं तेच. इंचाला 106 ठिपके. आणखी स्वस्तातले 15.6 इंची येतात, 1366 बाय 768 चे, त्यांत इंचाला शंभरच. तोच पडदा 1920 बाय 1080 चा घेतला तर इंचाला 141, एकूण ठिपके जवळजवळ दुप्पट.

"शंभरवाला म्हणजे मच्छरदाणी," अण्णांनी निकाल दिला.

इंग्रजी अक्षरं या मच्छरदाणीतून एकवेळ निभावून जातात. आपली नाही. आपल्या अक्षराला डोक्यावर मात्रा, पायाशी उकार, पोटात जोडाक्षर आणि वरून रफार. मी दुकानात गेलो की लॅपटॉपवर 'उद्ध्वस्त' आणि 'कर्तृत्व' हे दोन शब्द बारीक अक्षरांत टाईप करून पाहत असे. स्वस्त पडद्यावर 'उद्ध्वस्त' खरोखरच उद्ध्वस्त दिसतो. दुकानातली पोरं आधी मला जाहिरात खात्यातला समजली, मग निरुपद्रवी. पण मराठी माणसाने पडद्याची याहून चांगली परीक्षा करून दाखवावी.

अण्णांना रीड-पीक लगेच कळलं यात नवल काही नाही. संगणकाचं मूळच मागावर आहे. 1804 मध्ये फ्रान्सच्या लियाँमध्ये जोसेफ मारी जॅकार्डने भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग पुढे आणला. भोक असेल तिथे धागा उचलायचा, नसेल तिथे नाही. चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी ही पुठ्ठ्याची युक्ती उचलली. त्याच्याकडे रेशमात विणलेलं जॅकार्डचं चित्र होतं. ते विणायला 24,000 पुठ्ठे लागले होते. म्हणजे त्या चित्राचंही रिझोल्यूशन भांडण्याजोगं होतं. ते पुठ्ठे पाहायला लियाँला जायची गरज नाही. आमच्याच जिल्ह्यात येवल्याला पैठणीच्या मागांवर ते आजही माळेने लटकताना दिसतात. मी हे मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "मग पैठणीत ग्राफिक्स कार्ड असतं?" मला उत्तर सुचलं नाही, आणि विचार केल्यावर प्रश्न फारसा वेडगळही वाटला नाही.

आता जी गोष्ट कोणी दुकानदार सांगत नाही ती सांगतो. पडदे लांबट झाले ते सिनेमासाठी. पण मराठी घरात पडद्यावर जास्त वेळ काय उघडलेलं असतं? सातबारा, लाईट बिल, गुणपत्रक, वर्तमानपत्राचं पान, लग्नपत्रिका, शासन निर्णय. सगळे कागद उभे! आडव्या पडद्यावर उभा कागद लावला की दोन्हीकडे मोकळी गायरानं सुटतात आणि मधल्या पट्टीत सातबारा कोंबलेला. म्हणून घरासाठी रुंदी नव्हे, उंची पाहावी. 15.6 इंचीची उंची 19.4 सेंटीमीटर, 17.3 इंचीची 21.5. आणि इथे मला एक गंमत सापडली. अलीकडे सोळा इंची लॅपटॉप येतात, त्यांचा पडदा 16:9 ऐवजी 16:10 प्रमाणाचा असतो, म्हणजे किंचित उभट. त्याची रुंदी 15.6 इंचीएवढीच, पण उंची बरोबर 17.3 इंचीएवढी, तीच 21.5 सेंटीमीटर. सतराइंचीचा फायदा आणि पंधराइंचीची जागा. ठिपकेही 1920 बाय 1200, इंचाला तेच 141. वीण तीच, थान मोठं. हे मी रात्री वहीवर काढलं आणि लगेच कोणालातरी सांगावंसं वाटलं, पण घरात सगळे झोपले होते आणि झोपले नसते तरी.

मोठा म्हणजे किती मोठा, हे आकड्यांनी मिटलं तरी एक प्रश्न राहतो: किती माणसांना पुरायला हवा? याबाबतीत मालेगावने कोणाकडून शिकायची गरज नाही. हे गाव सिनेमा पाहायला शिकलं ते व्हिडिओ पार्लरमध्ये. खोलीभर माणसं, समोर घरगुती टीव्ही, आणि शुक्रवारी माग बंद असल्यामुळे पाय ठेवायला जागा नाही. मागचा माणूस पुढच्याच्या डोक्यावरून अमिताभ पाहायचा आणि त्याला काही कमी पडायचं नाही. असंच व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी दोन व्हीसीआर जोडून चित्रफिती कापण्या-जोडण्याची विद्या मिळवली आणि 2000 साली 'मालेगाव के शोले' काढला. सुमारे 50,000 रुपयांत झाला असं सांगतात. एवढ्यात आज धड लॅपटॉप येतो. पुढे त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' केला. यंत्रमागावर काम करणारा हाडकुळा शफीक शेख त्यात उडतो, मागे हिरवं कापड लावून. ट्रॉली म्हणून सायकल, क्रेन म्हणून बैलगाडी. फैझा अहमद खान यांच्या 2008 च्या माहितीपटात हे सगळं आहे. आणि फेब्रुवारी 2025 मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' आला, तेव्हा ज्यांच्या गल्लीतली गोष्ट ती माणसं तिकीट काढून मोठ्या पडद्यावर आपलंच गाव पाहायला गेली.

तेव्हा पडदा पाहताना मी कंपनीने न सांगितलेली एक परीक्षा घेऊ लागलो. लॅपटॉप टेबलावर ठेवायचा आणि आपण बाजूला, खाली, मागे जाऊन पाहायचं. स्वस्तातल्या काही पडद्यांना टीएन जातीचं पॅनल असतं. समोरून ठीक, पण बाजूने किंवा खालून पाहिलं की माणसं काळीनिळी पडतात, पांढरा सदरा राखाडी होतो. एकट्या माणसाला हे चालतं, तो समोरच बसतो. आमच्या घरात समोरची जागा अण्णांची. आई खाली गादीवर, मुलं सोफ्याच्या हातावर, बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी. सगळ्यांना सारखाच दिसायचा तर आयपीएस पॅनलच हवं. "चार कोनांतून बघताय, काका, दागिना घेताय का?" असं एका दुकानात मला विचारलं गेलं. चकचकीत काचेचा पडदाही आम्ही बाद केला, कारण त्यात दुपारी खिडकीतला पेरू आणि संध्याकाळी ट्यूबलाईट सिनेमातल्या कोणत्याही नटापेक्षा स्पष्ट दिसत होती.

आतल्या मालाबद्दल फार लिहीत नाही, ते कोणीही सांगेल. रॅम आठ जीबीच्या खाली नको आणि पुढे वाढवता येते का ते विचारायचं. काही लॅपटॉपांत ती बोर्डावरच डकवलेली असते. साठवणीला एसएसडी. सगळ्यांत स्वस्त खणात चार जीबी रॅमचे आणि 64 जीबी ईएमएमसीचे असतात. त्यांचा पडदा कितीही मोठा असो, विंडोजच आत पाय पसरून बसते आणि आपल्याला वळकटी ठेवायला जागा उरत नाही. मुलाचा रिफ्रेश रेट मी सपशेल विसरलो.

जुना घ्यावा का, असाही विचार झाला. कंपन्यांनी वापरून काढलेले, पुसून-पासून विकायला आलेले लॅपटॉप बरेच मिळतात, बांध्याला मजबूत आणि निम्म्या किमतीत. पण ते बहुतेक चौदा इंची, कारण ते त्या एकट्या फिरत्या माणसाचेच उतरलेले. शिवाय 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची सेवा संपली आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज 11 च्या यादीत बसत नाहीत. मोसम पुलाकडच्या एका दुरुस्तीवाल्या ओळखीच्या पोराला विचारलं, तर तो म्हणाला, "चाचा, पंखा कुठं जातो ते आधी बघा. आपल्याकडे लॅपटॉप खोला तो धूल नहीं, कपडा निकलता है." मागांच्या गल्ल्यांतल्या हवेत कापसाचे बारीक तंतू असतात, ते पंख्याच्या जाळीत बसतात. त्यात एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 वर गेला की माणसंच हँग होतात, यंत्राला काय बोलायचं. मोठ्या लॅपटॉपचा एक फायदा त्यानेच सांगितला. अंग मोठं म्हणून आत हवा खेळायला जागा, आणि पातळ लॅपटॉप उघडायला त्यालाही नको वाटतं.

मग इतका मोठा पडदा हवा, लॅपटॉप कुठे हलवायचाही नाही, तर साधा डेस्कटॉप का नको? हा प्रश्न मेव्हण्याने विचारला. मेव्हणे असे प्रश्न व्यवहार बहुतेक ठरल्यावर विचारतात. उत्तर सोपं: लाईट. मालेगावात लाईट गेल्याचं आधी कानाला कळतं, मग डोळ्यांना. माग थांबतात. डेस्कटॉप त्याच क्षणी मान टाकतो आणि बायकोचा यू-डायसचा तक्ता सदतिसाव्या विद्यार्थ्यावर परलोकी जातो. लॅपटॉप चालू राहतो. राऊटर बंद पडल्यामुळे नेट जातं ते वेगळं, पण निदान भरलेलं टिकतं. आम्हाला बॅटरी अठरा तासांची नको, तास-दीड तासाची पुरे, आणि एवढी तर सगळ्यांनाच असते.

मुलाने मात्र खरी तोड काढली होती. "चौदा इंची स्वस्तातला घ्या आणि एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. 43 इंच!" सातबारा 43 इंचांत! कल्पना नामी होती आणि दुपारी दोनपर्यंत चाललीही असती. दोननंतर टीव्हीवर आईच्या मालिकांची पुनर्प्रक्षेपणं लागतात, आणि त्या वेळात टीव्हीच्या मागे कसलीही वायर खुपसायला आमच्या घरात कोणी धजावत नाही. वेगळा 22-24 इंची मॉनिटर सात-नऊ हजारांत येतो, तोही विचार चांगला होता. ज्यांच्याकडे टेबलाला कायमची जागा आहे त्यांनी जरूर करावा. आमच्याकडे टेबलावर इस्त्री होते.

शेवटी सोळा इंची घेतला. पैसे ठरवल्यापेक्षा थोडे वर गेले. किती ते बायकोला माहीत आहे, अण्णांना नाही. आकड्यांचा कट्टा आहे. त्यापायी टाईप करायची बटणं डावीकडे सरकतात आणि माणूस पडद्याच्या मधोमध न बसता किंचित डावीकडे बसतो, कायम कोणालातरी शेजारी जागा करून दिल्यासारखा. आमच्या घरात ती जागा रिकामी राहत नाही. पहिल्याच दिवशी नातवाचा कॉल लावला. आई खाली गादीवर होती, तिथूनच म्हणाली, "आते कसं साजरं दिखस!" आणि पाच मिनिटांनी पलीकडच्या भिंतीवरचा रंग कुठे पोपडा धरून आलाय तेही तिने पुण्याला कळवलं. सूनबाईंचा चेहराही तितकाच स्पष्ट दिसत होता. सकाळी अण्णांनी ई-पेपरचं पान पूर्ण उघडलं, नाकाने नव्हे तर खुर्चीत रेलून वाचलं आणि मयतांची जागा संपेपर्यंत उठले नाहीत. अभ्यास संध्याकाळी सहा ते आठ ठरला आहे. त्या वेळात पडद्यातून टाळ्यांचा आवाज येतो.

स्पीकर मात्र सुमार. खालच्या बाजूला आहेत, त्यामुळे कीर्तनकार टेबलाला उपदेश करतात. आईने त्यावर लॅपटॉप ताटावर ठेवायचा उपाय काढला आहे. स्टीलच्या ताटाने आवाज खरंच वाढतो.

नवी वस्तू उघडी ठेवायची आमच्या घरात चाल नाही. मिक्सरला कव्हर आहे, टीव्हीला होतं, रिमोटला तर प्लास्टिकचं अजून आहे. अण्णांकडे जुन्या ओळखीतून आलेलं पॉपलीन पडून होतं. आई ते घेऊन शिंप्याकडे गेली. त्याने माप विचारलं. आईने घरात रोज कानावर पडत होतं तेच सांगितलं: सोळा इंच. शिंपी सरळमार्गी. त्याने सोळा इंच रुंदीचं कव्हर बेतलं, वर शिवणीला अर्धा इंच धरून. लॅपटॉपची रुंदी कडेसकट चौदा. कव्हर चढवलं की उजवीकडे कापड लोंबतं. अण्णा टेप काढायला लागले होते, तेवढ्यात मुलीने त्या जादा कापडाला चार टाके घालून खिसा केला. आता त्यात माऊस राहतो, आणि आईचा चष्मा.